न दिसणारी धार

शिंप्यांच्या गल्लीत, जिन्याखालच्या अरुंद जागेत ताईंचं दुकान होतं. दुकान म्हणायचं ते आपलं कौतुकाने. पायाने फिरवायचं एक चाक, ओले-सुके चार दगड, पाण्याची बादली आणि बसायला स्टूल, एवढाच सगळा पसारा. वर भिंतीवर वडिलांनी रंगवलेली पाटी होती, पण तिच्यावरची अक्षरं केव्हाच उडाली होती आणि ती पुन्हा रंगवायची गरज कोणाला वाटत नव्हती. शिंप्यांच्या कात्र्या, न्हाव्यांचे वस्तरे, खाटकाचे सुरे, बायकांच्या विळ्या, सगळं ताईंकडे यायचं. वडील चाक खांद्यावर टाकून दारोदार हिंडायचे. मुलीच्या हातात कला आहे हे त्यांनी लहानपणीच ओळखलं, फक्त हात डावा होता. तो उजवा करायचा त्यांनी पुष्कळ खटाटोप केला आणि शेवटी म्हणाले, "जाऊ दे, पात्याला कुठे कळतं हात कुठला ते."

धार लागली की नाही, हे ताई उजव्या मनगटावरची लव काढून बघत. त्यामुळे त्यांचा तो हात कोपरापर्यंत तुळतुळीत होता. कंडक्टर, म्हणजे त्यांचे यजमान, त्यावरून हमखास चेष्टा करायचे. "आमची ही अर्धी दाढी करते. गालावर नाही, हातावर!" ते बसवर कंडक्टर होते, निवृत्त होऊनही नाव तेच राहिलं होतं, आणि तोंडही तेच. बसमध्ये उभं आयुष्य ओरडण्यात गेलेलं, त्यामुळे घरातही ते दोन खोल्यांमध्ये पाठीमागच्या दारापर्यंत ऐकू जाईल असंच बोलत. ताई मोजकं बोलत. चाकासमोर बसणाऱ्याला बोलून चालत नाही.

त्याच इमारतीत, ताईंच्या घराच्या अगदी वरच्या खोलीत मास्तर राहायचे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी. संध्याकाळी एका शाळेच्या सभागृहात ते पोरापोरींना लाकडी तलवारीचे हात शिकवत. जपानी पद्धतीचे, दोन्ही हातांनी मूठ धरायचे. माणूस सुतासारखा सरळ. कोणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. ते एके दिवशी दुकानाशी येऊन उभे राहिले आणि लग्नाची गोष्ट काढावी तसे लाजत म्हणाले, "ताई, एक तलवार घेणार आहे. खरी. तुम्ही बघायला याल का माझ्याबरोबर?"

"कशाला हवी तुम्हांला खरी?" ताईंनी कात्रीवरून नजर न काढता विचारलं.

"आयुष्यभर लाकूड फिरवलं. एकदा लोखंड हातात घ्यायचंय."

"मग बोथट घ्या. हात फिरवायला बोथटच बरी."

"नाही हो. बोथट घ्यायची तर लाकडाने काय घोडं मारलंय?"

ताई हसल्या आणि जायचं ठरलं.

तलवारी ज्याने केल्या होत्या तो माणूस आता नव्हता. त्याची बायको त्या विकत होती. गावाबाहेर, रांगेतल्या घरांमधलं शेवटचं घर. दार एका बाईने उघडलं. चाळिशीची असेल. डोक्यावर ओढणी घट्ट गुंडाळलेली. "या," एवढंच म्हणून ती आत गेली.

बैठकीची खोली स्वच्छ होती, आणि तरी ताईंना आत पाऊल टाकताच कसंसंच झालं. काय ते आधी कळेना. मग एकेक दिसायला लागलं. पडद्याच्या खालच्या कडेला बोटबोटभर अंतरावर चिरा होत्या, इतक्या सरळ की मुद्दाम तसा शिवला असावा असं वाटलं. लाकडी खुर्चीच्या हाताचा कोपरा नव्हता. तो तुटलेला नव्हता, नव्हताच. आणि खिडकीत कुंड्या होत्या. त्यातल्या रुंद पानांच्या झाडाचं प्रत्येक पान मधोमध अर्धं केलेलं होतं. उरलेली अर्धी पानं हिरवीगार, ताजी, जणू ती तशीच उगवली असावीत.

बाईने तीन तलवारी आणून चटईवर ठेवल्या. मास्तरांचे हात शिवशिवत होते, पण त्यांनी ताईंकडे बघितलं.

ताईंनी पहिली उचलली. म्यानातून अर्धी काढली, खिडकीकडे धरली आणि धार सरळ डोळ्यासमोर आणली. "ही बघा मास्तर. धारेवर पांढरी रेघ चमकतेय ना? जिथे उजेड चमकतो तिथे धार नाही. उजेडाला टेकायला जागा मिळाली, म्हणजे कड बोथट आहे. ही भिंतीवर टांगायची."

दुसरी चांगली होती. ताईंनी वर्तमानपत्राचा कागद धरला, पातं नुसतं टेकवलं आणि कागद सरसर उतरला. मास्तर खूश झाले. ताईंनी मान हलवली. "कागद कापला म्हणून भाळू नका. कागद वस्तराही कापतो. धारेच्या मागे मांस हवं पात्याला. ही फार पातळ करून ठेवलीय. पहिल्याच घावाला हिचे दात पडतील." मग मूठ हलवून बघितली, मुठीतली लाकडी खुंटी दाबून बघितली, पात्यावरच्या लाटेसारख्या रेघेवरून नजर फिरवली. "आणि ही रेघ पाणी पाजल्याची नाही, वरून काढलेली आहे."

तिसरी त्यांनी खिडकीकडे धरली आणि पुन्हा पुन्हा उजेडात फिरवून बघितली.

पातं दिसत होतं. पाठ दिसत होती, धारेलगतची धुक्यासारखी रेघ दिसत होती. त्याच्यापुढे कड असायला हवी होती, ती दिसत नव्हती. उजेड तिथपर्यंत यायचा आणि पुढे जायचाच नाही. धार सापडत नव्हती म्हणून ताईंनी अंगठा आडवा, अलगद टेकवला. धारेवर अंगठा आडवाच फिरवायचा, लांबीने कधी नाही, हे त्यांच्या हाडात मुरलेलं होतं. चांगली धार बोटाला धरते, किंचित खरखरते. इथे काहीच लागलं नाही. अंगठा पाण्यावरून फिरवावा तसा फिरला.

"कशी आहे?" मास्तरांनी विचारलं.

"माहीत नाही," ताई म्हणाल्या. चाळीस वर्षांत धारेबद्दल त्या पहिल्यांदाच असं म्हणाल्या असतील.

त्यांना पाणी हवं झालं. त्या बाईच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेल्या. बाईने पेला दिला आणि एकदम, कोणीतरी विचारल्यासारखी, बोलायला लागली. "ती तिसरी त्यांची शेवटची. ती झाल्यावर दुसरी केलीच नाही. दिवसभर बघत बसायचे, लागतेय का. आधी कागद, मग पानं, मग काहीही. मी एकदा भाजी निवडत बसले होते. पाठीमागे ते होते हेही मला ठाऊक नव्हतं. उठले तर मान हलकी लागली. खाली बघितलं तर वेणी जमिनीवर पडलेली." तिने ओढणी जरा सरकवली. मानेवर केस एका सरळ रेषेत संपत होते. "ओढ बसली नाही, आवाज झाला नाही. आणि ते माझ्याकडे इतकं समाधानाने बघत होते!"

"अहो बाई, मग ही विकता कशाला? मोडून टाका की."

"मोडायला हातात घ्यावी लागेल ना," बाई म्हणाली.

ताई लगबगीने बाहेर आल्या. पण मास्तरांनी पैसे मोजून चटईवर ठेवलेही होते. तिसरी तलवार मांडीवर घेऊन ते बसले होते, झोपलेलं मूल घ्यावं तसे.

परतीच्या बसमध्ये ताईंनी वेणीची गोष्ट त्यांच्या कानावर घातली. मास्तर म्हणाले, "दुःखात माणसं काहीबाही बोलतात, ताई." ताईंनाही ते पटल्यासारखं झालं. उतरताना दांडा धरला तेव्हा त्यांचं लक्ष डाव्या अंगठ्याकडे गेलं. अंगठ्यावर एक पांढरी रेघ होती, आडवी. दुसऱ्या बोटाने दाबली तर ती पाकिटासारखी उघडली. आतून कोरडी. दुखत नव्हतं. रक्त घरी पोचल्यावर आलं, आणि मग मात्र थांबता थांबेना.

त्यानंतर काही दिवस नीटच गेले. मग मास्तर एका सकाळी बॅग घेऊन खाली आले. मुलीकडे जाऊन येतो म्हणाले. मिशी सफाचट केली होती, चेहरा अनोळखी दिसत होता. "तलवारीला अधूनमधून तेलाचं बोट लावाल का? गंज चढायला नको." किल्ली ताईंच्या हातात ठेवून ते गेले. जाताना मागे वळून बघितलं नाही.

ताई दुपारी वर जायच्या. गल्ली त्या वेळी अगदी सामसूम असते. शिंपी जेवून लवंडलेले, मशिनी गप्प, उन्हात कुत्रंसुद्धा हलत नाही. त्या पातं मऊ कापडाने पुसायच्या, तेल लावायच्या, पुन्हा पुसायच्या. खाली आल्या की कंडक्टर म्हणायचे, "काय गं, तेल लावत होतीस की अंगमर्दन करत होतीस? चहाची वेळ झाली!" ताईंना वाटायचं, मी आत्ता तर वर गेले होते.

आणि इमारतीत वस्तू कापल्या जायला लागल्या.

आधी गच्चीवरची कपड्यांची दोरी. मग पहिल्या मजल्यावरच्या नर्सबाईंची वाळत घातलेली चादर, वरपासून खालपर्यंत दोन. सगळे म्हणाले उंदीर. ताईंनी दोरीचं टोक हातात घेऊन बघितलं. उंदीर कुरतडतो, कात्री चिमटते, सुरी ओढते, प्रत्येकाची खूण दोऱ्यावर राहते. इथे खूणच नव्हती. एकही तंतू वाकलेला नव्हता.

मग जिन्यातल्या कुंडीतल्या झाडाची पानं अर्धी झाली.

ताई त्या पायरीवर बसूनच राहिल्या. पानं मधोमध, सरळ. नाही, अगदी सरळ नाही. जरा तिरकी होती. उजव्या हाताने वरून पातं आणलं तर उतार एका बाजूला जातो, डाव्या हाताने आणलं तर दुसऱ्या. त्यांनी हवेत हात फिरवून बघितला. मग उजवा फिरवून बघितला. मग पुन्हा डावा. आणि उठून, ती पानं तोडून, मुठीत चुरगाळून, बादलीत टाकून आल्या. कोणाला काही बोलल्या नाहीत. मास्तर गावाला होते, किल्ली ताईंकडेच होती आणि इमारतीत दुसरं डावखुरं कोणी नव्हतं. पण मनाला पटवायचं नसलं की मन शंभर वाटा काढतं. मास्तरांकडे दुसरी किल्ली असेल. गुपचूप येत असतील. असंच काहीतरी.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या तेल लावायला वर गेल्या. कापड घेतलं, म्यान बाजूला ठेवलं, एवढं त्यांना आठवतं.

पुढचं आठवतं ते स्वतःच्या खोलीतलं. खिडकीतून ऊन आलेलं. आरामखुर्चीत कंडक्टर झोपलेले, तोंडावर वर्तमानपत्र, नेहमीसारखं. घोरण्याने कागद वरखाली होत होता. ताई त्यांच्यासमोर उभ्या होत्या. आपण इथे केव्हा आलो, असं त्यांच्या मनात येतंय न येतंय तोच वर्तमानपत्राचे दोन भाग झाले. मधोमध, नाकाच्या रेषेवर. एक अर्धा डाव्या खांद्यावरून घसरला, दुसरा उजव्या. मध्ये कंडक्टरांचा चेहरा, तोंड उघडं, गाढ झोपलेला. नाकाच्या शेंड्यावर घामाचा थेंब होता तो तसाच होता.

ताईंनी डाव्या हाताकडे बघितलं. तो पुढे पसरलेला होता. हातातलं पातं दिसत होतं, कड दिसत नव्हती.

त्या ओरडल्या नाहीत. पाऊल मागे घ्यायचं तर तलवार हलेल, आणि ती कुठे हलेल याची त्यांना खात्री नव्हती. त्यांनी उजव्या हाताने डावं मनगट धरलं, दुसऱ्याच्या पोराला धरावं तसं, आणि एकेक पाऊल मागे सरकत दाराबाहेर गेल्या. वर जाऊन तलवार म्यानात घातली. बोटं मुठीवरून एकेक करून सोडवावी लागली.

मग मास्तरांना फोन लावला. काय झालं ते सांगितलं.

"ताई, मी मुलीकडे सहज नाही आलो," मास्तर म्हणाले. "एका सकाळी आरशासमोर उभा होतो. मला वाटत होतं मी पातं पुसतोय. बघतो तर अर्धी मिशी बेसिनमध्ये. उरलेली मग वस्तऱ्याने काढली. मला वाटलं, मी लांब गेलो की थांबेल."

"आणि किल्ली माझ्याकडे दिलीत!"

"तुम्ही उभं आयुष्य धारेत काढलंत. वाटलं, तुम्हांला बाधणार नाही."

"अहो, धार ज्याला कळते त्यालाच बाधते ना!" ताई म्हणाल्या, आणि आपण हे का म्हणालो याचं त्यांनाच नवल वाटलं. "मी तिची धार मारते. तुमची परवानगी आहे का?"

"आहे," मास्तर म्हणाले. मग हळूच, "फार सुंदर आहे हो ती."

"म्हणूनच," ताई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

कंडक्टरांना सगळं सांगावं लागलं. पहिल्यांदा ते हसले. मग त्यांना कागदाचे दोन तुकडे दाखवले. ते जुळवून त्यांनी उजेडाकडे धरले. मधली फट दिसेना, तेव्हा त्यांचं हसू विरलं.

"हे बघा," ताई म्हणाल्या, "मी दगडाशी बसणार. तुम्ही समोर बसायचं, हात पोचणार नाही इतकं लांब. आणि बोलत राहायचं, म्हणजे मी भानावर राहीन. थांबायचं नाही."

"काय बोलू?"

"तुम्हांला विषय कमी पडलाय होय कधी?"

पण कंडक्टरांना त्या दिवशी खरंच काही सुचेना. दुकानाचं दार लोटून घेतलं, खरखरीत दगड पाण्याने भिजवला, आणि ताईंनी पातं उघडलं. शेवटी जे तोंडात बसलेलं होतं तेच बाहेर आलं. "चला, पुढे सरका, पुढे सरका! दवाखाना, दवाखाना कोण? शाळा! पाण्याची टाकी! उतरणारे पुढे या!"

ताईंनी धार दगडावर काटकोनात उभी टेकवली. पातं तिरकं धरलं तर धार लागते, उभं धरलं तर मरते. जन्मात हे त्यांनी कधी केलं नव्हतं. हाताने नकार दिला. मनगट आपोआप तिरकं व्हायला बघायचं, आणि ताई ते पुन्हा उभं करायच्या. पातं दगडावरून जात होतं, पण आवाज नव्हता. दगडावर नखही ओढलं तरी आवाज होतो. इथे कंडक्टरांच्या ओरडण्याशिवाय काही ऐकू येत नव्हतं.

"गिरणीचा फाटा! सुटे काढून ठेवा! अहो आजोबा, दारात उभं नाही राहायचं!" एका थांब्याचं नाव त्यांना आठवेना. ते क्षणभर अडखळले. तेवढ्यात ताईंचा हात दगडावरून उचलला गेला आणि पात्याचं टोक सावकाश, कसलीही घाई नसल्यासारखं, कंडक्टरांच्या दिशेने वळायला लागलं.

"अहो, बोला!" ताई किंचाळल्या.

"बाजार! बाजार, बाजार, बाजार!" कंडक्टर ओरडले, आणि हात खाली आला.

त्यांचा मार्ग संपला, परतीचा सुरू झाला, तोही संपला. घसा बसला. केव्हातरी दगडातून एक बारीक आवाज निघाला. आधी कुसळासारखा, मग कर्रर्र, मग चांगलं दातावर दात घासल्यासारखं. ताईंनी पातं उचलून दाराच्या फटीतल्या उजेडात धरलं. मुठीपासून टोकापर्यंत पांढरी, जाड, वेडीवाकडी रेघ चमकत होती. असं कुरूप काम त्यांच्या हातून कधी झालं नव्हतं. त्या तिथेच ओल्या जमिनीवर बसून हुंदके देऊन रडल्या. कंडक्टर जवळ आले, आणि बोलायला आवाज उरला नव्हता म्हणून नुसते डोक्यावरून हात फिरवत राहिले.

त्यानंतर इमारतीत काही कापलं गेलं नाही. मास्तर परत आले, त्यांनी तलवार बघितली, मान हलवली आणि कपाटाच्या वर ठेवून दिली. मिशी पुन्हा वाढवली. ते आणि ताई एकदा त्या बाईच्या घरी गेले होते, दुसऱ्या तलवारींचं काय झालं विचारायला. घर बंद होतं. शेजारच्यांनी सांगितलं की बाई भावाकडे राहायला गेली, जाताना हात हलवत गेली, सामान काही नेलं नाही. डॉक्टरांनी ताईंना तपासलं, झोप कमी पडतेय म्हणाले, गोळ्या दिल्या. ताईंनी मुकाट्याने घेतल्या.

दुकान चालू आहे. कात्र्या येतात, सुरे येतात. फक्त दुपारी ताई दुकानात बसत नाहीत, आणि वरही नाही. दोघं नवराबायको बागेत जाऊन बाकावर बसतात. मधूनच कोणीतरी येतो, भिंतीसाठी किंवा हौसेसाठी तलवार घ्यायची म्हणतो, धार कशी ओळखायची विचारतो. ताई सगळं सांगतात. उजेडात धरा, मूठ हलवून बघा, कागदावर भाळू नका. कड चमकली तर बोथट, आणि ज्याला नुसती बघायची आहे त्याने बोथटच घ्यावी. तो विचारतो, "आणि चमकलीच नाही तर?" ताई म्हणतात, "तर खाली ठेवा आणि घरी जा." बहुतेक जण हसतात.

कंडक्टरांनी तो विषय वर्षभर काढला नाही. एवढी बडबड करणारा माणूस, पण त्या दुपारबद्दल अवाक्षर नाही. मग एकदा बाकावर बसल्या बसल्या, समोरच्या मुलांचा खेळ बघता बघता त्यांनी विचारलं, "अगं, एक सांगशील? माझ्यासमोर उभी होतीस तेव्हा तुला घाबरायला झालं ते केव्हा? आधी की नंतर?"

"नंतर. हात बघितला तेव्हा."

"आणि त्याच्या आधी? कागद कापला गेला त्या क्षणी मनात काय होतं तुझ्या?"

ताईंनी खोटं सांगायचा विचार केला. पण संसार एवढा झाल्यावर ते जमत नाही.

"बरं वाटलं होतं," त्या म्हणाल्या. "फार नीट कापला गेला, म्हणून."

कंडक्टरांनी ताईंचा डावा हात उचलून आपल्या मांडीवर घेतला, आणि उन्हं उतरेपर्यंत तो दोन्ही हातांनी धरून बसले.